काकीचा अंगठा

मे महिन्यात गावी गेलो की एक काम माझ्या गळ्यात पडतंच, काकीबरोबर रेशनच्या दुकानात जायचं. का तर मी घरातला "कॉम्प्युटरवालो". आमचा गाव वेंगुर्ल्यापासून थोडा आत, काकी वीसेक वर्षं काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जाते. काजूच्या टरफलातलं तेल म्हणजे जहाल प्रकार, कातडी भाजून काढतं, हाताला राख नायतर तेल चोळून बसल्या तरी या बायकांच्या बोटांची टोकं काळी पडतात आणि साल जाते. काकीचा अंगठा उजेडात धरून बघितला तर रेषा जवळपास नाहीतच, समुद्रातल्या गोट्यासारखा गुळगुळीत.

आणि रेशनच्या दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनला नेमक्या त्याच रेषा पाहिजेत.

दुकानदार माणूस वाईट नाही. "डावो लाव, आता मधला बोट, पदराक पुसून लाव गो." सहा वेळा लावलं, सहाही वेळा नापास, मागे रांग, वर ऊन. काकी म्हणाली, "गावातलो कुत्रो माका वळाखता, ह्या मशीनाक तेवढा जमना नाय!" रांगेतले सगळे हसले, ती पण हसली, पण पिशवी रिकामीच.

मग ओटीपी. आधारला नंबर चुलतभावाचा, तो विरारला, सकाळी लोकलमध्ये लटकलेला, फोन खिशात. त्यानं मेसेज बघेपर्यंत ओटीपी बाद, दुसऱ्यांदा पाठवला तर इकडे रेंज गेली. दहा किलो धान्यासाठी विरारची लोकल आणि आमच्या डोंगरावरचा टॉवर दोघांचा मुहूर्त जुळायला हवा.

हे मशीन उगाच आलं असं मी म्हणत नाही हां, बोगस कार्डं आमच्या गावातही होती, वारलेल्या माणसांच्या नावावर साखर उचललेली मी ऐकलीय. पण अंगठा लागला नाही तर डोळ्याची बुबुळं बघा, ओटीपी घ्या, तेही जमलं नाही तर रजिस्टरात नोंद करून धान्य द्या, असं आधारवाल्यांचंच २०१७ चं परिपत्रक आहे. मी दुकानदाराला ते परिपत्रक मोबाईलवर दाखवलं, त्यानं वाचलं, मान डोलवली आणि म्हणाला वरून विचारतात तेव्हा उत्तर मला द्यावं लागतं, तुम्ही जाताय मुंबयला. त्याचंही खोटं नाही. मशीन चुकलं तरी संशय काकीवर आणि जबाब दुकानदारावर, मशीनला कोण विचारत नाही.

यातली दुसरी भानगड मला जास्त टोचते. आधारवरून बँकेतले पैसे काढायला बँकेचं नाव, आधार नंबर आणि अंगठा एवढंच लागतं, पिन नाही, ओटीपी नाही. जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून, त्यांची नक्कल बनवून लोकांची खाती साफ केल्याच्या केसेस देशात झाल्यात. आता कोकणातल्या माणसानं आयुष्यात किती कागदांवर अंगठे उठवलेत विचारा, एका सातबाऱ्यावर वीस-वीस नावं असतात! पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा कुठून बदलणार. आधारच्या अॅपमधून बायोमेट्रिक लॉक करता येतं, मी काकीचं करायला बसलो आणि मधेच थांबलो, कारण लॉक केलं की रेशनलाही अंगठा चालणार नाही, दर महिन्याला उघडायचं कोणी? तिचा फोन बटणांचा. तसंच ठेवलं, बरोबर केलं की नाही माहीत नाही.

निघायच्या आदल्या रात्री काकी हातांना खोबरेल चोळत बसलेली. म्हटलं दुखतंय काय. म्हणाली, नाय रे, पुढच्या आठवड्यात परत रेशनाक जावचा हा, तोपर्यंत चार दिवस कामार जाणंय नाय, बोटांक जरा साल येव दे.

चार दिवसांची हजेरी गेली. रेशन फुकट आहे.