भुवईजवळचं नाव

आमच्या चिमणीचं बारसं बाराव्या दिवशीच झालं. बाहेर न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचा फेब्रुवारी होता, खिडकीच्या कठड्यापर्यंत बर्फ साचलेला. तिची आत्या न्यू जर्सीहून सहा तास गाडी चालवत आली होती. पाळणा नव्हता, म्हणून लाकडी क्रिबलाच कागदी झेंडूची माळ बांधली. आईने घुगऱ्या केल्या. वन्संनी वाकून बाळाच्या कानाशी तोंड नेलं, कुर्रर्र केलं, बाकीच्या बायकांनी त्यांच्या पाठीत बुक्के घातले आणि नाव सांगून झालं. मी म्हटलं, "वन्सं, दुसऱ्याही कानात सांगा ना." त्यांना वाटलं, माझी हौस. त्यांनी पुन्हा सांगितलं.

स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये तेव्हा रुग्णालयाचा एक कागद होता. त्यावर दोन्ही कानांपुढे 'रेफर', म्हणजे पास नाही, पुढे तपासून घ्या, असं लिहिलं होतं. तो कागद नवऱ्याने आणि मी पाहिला होता, आईला अजून सांगितलं नव्हतं.

इथे बाळ जन्मलं की घरी पाठवण्याआधी त्याचे कान तपासतात. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ बोंडूक घालून हलके टकटक आवाज सोडतात आणि कान किंवा मेंदू त्याला प्रतिसाद देतो का, हे यंत्र टिपतं. बाळाला काही कळत नाही, दुखत नाही. पहिल्या चाचणीत अडकलेली बरीच बाळं दुसऱ्यांदा पास होतात, कारण नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या कानात पाणी किंवा चिकटा राहिलेला असतो. त्या आशेवर आम्ही सहा आठवडे काढले. मोठी तपासणी बाळ गाढ झोपलेलं असतानाच होते, म्हणून त्या सकाळी तिला मुद्दाम जागं ठेवलं होतं. कपाळावर आणि कानांमागे छोट्या तारा चिकटवल्या, अंधाऱ्या खोलीत मी तिला मांडीवर घेऊन दीड तास हललेही नाही. निदान झालं: दोन्ही कानांत सुमारे ६५ डेसिबलची घट, आतल्या कानातली, कायमची. आपण एकमेकांशी साधं बोलतो ते साठच्या आसपास असतं. म्हणजे माझं बोलणं तिच्यापर्यंत नीट येत नव्हतं. कानाशी केलेली कुर्रर्र तर नाहीच.

मग आईला सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "कुणाकडून आलं हे?" आपल्याकडे हा प्रश्न कसा विचारला जातो, हे वाचणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. ग्रहणात बाहेर गेली असेल, काही खाल्लं असेल, तिच्या माहेरी कुणी असेल. आमच्या बाबतीत जनुक तपासणीने उत्तर दिलं. 'जीजेबी टू' नावाच्या जनुकातला दोष, जगभरात जन्मजात बहिरेपणाचं हे एक मोठं कारण आहे. नवऱ्याकडे एक सदोष प्रत, माझ्याकडे एक, आणि आम्हा दोघांनाही उत्तम ऐकू येतं. दोन्ही प्रती एकाच बाळात आल्या की हे होतं, त्याची शक्यता दर खेपेला चारात एक. आईला मी सांगितलं, "दोघांकडून. अगदी सारखं." तिने तो विषय पुन्हा काढला नाही, आणि सासरीही तिनेच फोन करून हे समजावलं.

भारतातून फोन येत राहिले. सगळ्यांच्या आवाजात सांत्वन होतं. मलाही त्या दिवसांत ते हवंच होतं, कुणाला दोष देत नाही.

चिमणी अडीच महिन्यांची असताना आम्ही पहिल्यांदा कर्णबधिर कुटुंबांच्या एका मेळाव्याला गेलो. मोठा हॉल, शंभरेक माणसं, आणि भांड्यांचा, खुर्च्यांचा, पोरांच्या धावण्याचा भरपूर आवाज. ती जागा शांत असेल असं मी धरून चालले होते, ते पूर्ण चुकलं. एक साठीच्या बाई आल्या, त्यांनी बाळाकडे बघितलं, कानांकडे बोट करून माझ्याकडे प्रश्नार्थक पाहिलं. मी मान हलवली. त्यांचा चेहरा उजळला. दोन्ही हात एकमेकांत गुंफून त्यांनी छातीसमोर हलवले. दुभाषी मुलगी म्हणाली, "त्या अभिनंदन म्हणतायत." जन्मापासून एवढ्या दिवसांत हा शब्द आम्हाला कुणी म्हटला नव्हता. मी तिथेच रडले.

रॉचेस्टरला हे घडलं यात नशिबाचा भाग आहे. ऑन्टॅरिओ सरोवराच्या काठचं हे शहर आपल्याकडे फार तर कोडॅकमुळे माहीत असतं. पण इथली कर्णबधिरांची शाळा १८७६ सालची आहे. १९६५ साली अध्यक्ष जॉन्सन यांनी कर्णबधिरांसाठी राष्ट्रीय तंत्रशिक्षण संस्था काढण्याच्या कायद्यावर सही केली, ती संस्थाही याच शहरात उभी राहिली आणि १९६८ साली तिथे पहिले विद्यार्थी आले. शिकायला आलेले पुष्कळ जण इथेच राहिले, नोकरी धरली, लग्नं केली. म्हणून इथे किराणा दुकानाच्या रांगेत, बसस्टॉपवर, मे महिन्यात लायलॅकच्या जत्रेत हातांनी गप्पा मारणारी माणसं दिसतात आणि कुणी वळून बघत नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं.

न्यूयॉर्क राज्यात तीन वर्षांपर्यंतच्या बाळांना घरी येऊन मदत मिळते, आणि कुटुंबाकडून त्याचे पैसे घेत नाहीत. आमच्याकडे दर मंगळवारी एक शिक्षिका येऊ लागल्या, स्वतः जन्मापासून कर्णबधिर. त्यांनी पहिली खूण शिकवली 'दूध'ची: मूठ दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची. आई सोफ्यावरून म्हणाली, "अगं, ही तर धार काढतायत!" अगदी तेच आहे ते. शिक्षिकेला आईचं बोलणं दुभाषामार्फत कळलं तेव्हा त्या खळखळून हसल्या आणि दोघींचं जमलं ते कायमचं. आईचं इंग्रजी तुटक, शिक्षिकेला मराठी येण्याचा प्रश्नच नाही, पण हातांनी दोघी तासभर बोलत. आपल्यासारख्याच चौकशा व्हायच्या: गाव कुठलं, शाळा कुठली, घरात कोण कोण. निघायची वेळ झाली की पुन्हा दारात अर्धा तास. कर्णबधिरांच्या घरी निरोप असाच लांबतो असं पुढे कळलं, आईला मात्र त्यात नवल वाटलं नाही.

याच काळात दुसऱ्या बाजूने एक सल्ला मिळाला, तो इथे सांगायलाच हवा, कारण तो तुम्हालाही मिळेल. एका तज्ज्ञांनी बजावलं की खाणाखुणा बंद करा, मराठीही बंद करा, एकच भाषा ठेवा, नाहीतर पोर बोलणार नाही. तीन आठवडे आम्ही ऐकलं. मी तिच्याशी मराठीत बोलायची थांबले, हात खाली ठेवले. आई स्वयंपाकघरात जाऊन बाळाशी गुपचूप मराठी बोलायची.

मग मी वाचत गेले. १८८० साली मिलानमध्ये ऐकू येणाऱ्या शिक्षकांचं जिथे बहुमत होतं अशा परिषदेने ठराव केला की कर्णबधिर मुलांना फक्त तोंडी भाषेतून शिकवावं. त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या वर्गातून हात हद्दपार झाले. मेळाव्यात भेटलेल्या एका आजोबांनी मला स्वतःचे पंजे दाखवून सांगितलं की शाळेत त्यांच्या हातांवर पट्टी बसायची. १९६० साली विल्यम स्टोकी या प्राध्यापकांनी दाखवून दिलं की अमेरिकन खुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे, तिला स्वतःचं व्याकरण आहे. ते व्याकरण इंग्रजीचं नाही. काळाचा शब्द बहुधा आधी येतो, उद्या, मग बाकीचं, म्हणून मराठी डोक्याला ते मला कितीतरी सोपं गेलं. आणि कोलोरॅडोतल्या क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवलं की सहा महिन्यांच्या आत निदान होऊन मदत सुरू झालेल्या मुलांची भाषा उशिरा निदान झालेल्यांपेक्षा बरीच पुढे असते. बाळाच्या मेंदूला भाषा हवी असते, ती लवकर हवी असते. कानातून येते की डोळ्यांतून, याची तो वाट बघत बसत नाही.

पण माझा निर्णय झाला तो आंघोळीच्या वेळी. तिसऱ्या महिन्यात तिला श्रवणयंत्रं लागली होती. आंघोळीला ती काढावी लागतात, झोपताना काढावी लागतात, बॅटरी भर प्रवासात संपते. ज्या वेळी आई बाळाशी सगळ्यात जास्त बोलते, नेमकी तेव्हाच तिच्या कानात काही नसायचं. मी पाणी घालत होते आणि ती माझ्या हातांकडे बघत होती, काहीतरी येईल म्हणून. त्या दिवसापासून हात पुन्हा सुरू झाले आणि मराठीही.

श्रवणयंत्रांवर माझा राग नाही, उलट फार माया आहे. कानाच्या मापाचा साचा बाळ वाढतं तसा काही आठवड्यांनी बदलावा लागतो, सैल झाला की यंत्र शिट्टी वाजवतं. चिमणी ती उपटून तोंडात घालायची. आईने आपल्या जुन्या मलमलच्या साडीचं टोपडं शिवलं, हनुवटीखाली बंद असलेलं. मलमलीतून आवाज अडत नाही आणि बाळाचा हात पोचत नाही. इथे दुकानात जाळीच्या टोप्या मिळतात त्याहून ते छान बसलं. दवाखान्यातल्या बाईंनी त्याचा फोटो काढून घेतला.

नवव्या महिन्यात एका रात्री तिने माझ्याकडे बघून मूठ दाबली आणि सोडली. पुन्हा दाबली. दूध. मी नवऱ्याला उठवलं, मिरजेला आईला व्हिडिओ कॉल लावला.

खुणांच्या भाषेत नाव आपण ठेवायचं नसतं. कर्णबधिर माणसंच ते देतात, तुम्हाला नीट ओळखल्यावर. चिमणीला सवय होती, नवं काही दिसलं की दोन्ही भुवया वर. त्या भाषेत 'हो की नाही' असा प्रश्न विचारताना भुवया उंचावतात, तो व्याकरणाचा भाग आहे. शिक्षिका म्हणाल्या, "ही पहिल्या दिवसापासून मला प्रश्न विचारतेय." तिच्या नावाच्या आद्याक्षराचा हात त्यांनी स्वतःच्या भुवईजवळ नेऊन वर उडवला. तिने बघितलं. दुसऱ्यांदा केलं तेव्हा हसली. बारा दिवसांची असताना कानात सांगितलेलं नाव असं सव्वा वर्षाने तिच्यापर्यंत पोचलं.

आणि तेव्हा मला मिरजेतलं आमच्या गल्लीच्या तोंडाचं सायकलचं दुकान आठवलं. तिथे पंक्चर काढणाऱ्या काकांना सगळी गल्ली 'मुका' म्हणायची. 'मुक्या, हवा भर.' मीही म्हटलंय, शाळेच्या दप्तरासकट उभी राहून. ते हातांनी काही सांगायचे, आम्ही पोरं त्याची नक्कल करायचो. दहा वर्षं मी त्यांच्याकडे हवा भरली आणि त्यांचं नाव मला माहीत नाही.

घरात बाळ येणार असेल तर वाचणाऱ्यांनी रुग्णालयात कानांची चाचणी मागून घ्या. आपल्याकडे ती सगळीकडे आपोआप होत नाही, पण मोठ्या शहरांत सोय आहे. मुंबईत वांद्र्याला १९८३ सालापासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. आणि भारतीय सांकेतिक भाषा वेगळी आहे हेही लक्षात ठेवा. अमेरिकन अक्षरं एका हाताने होतात, भारतीय दोन हातांनी. दिल्लीला २०१५ साली तिच्यासाठी संशोधन केंद्र स्थापन झालं, त्यांचा दहा हजार शब्दांचा कोश तयार आहे. आम्ही दोघं आता संध्याकाळी तोही बघतो, कारण डिसेंबरात मिरजेला जायचं आहे आणि चिमणीला तिथेही कुणाशी तरी बोलता आलं पाहिजे.

आईला मी त्या काकांबद्दल विचारलं होतं. दुकान आता मुलगा चालवतो, काका बाहेर बाकावर बसतात. गेल्या आठवड्यात आई तिथे गेली. त्यांच्याकडे बोट केलं आणि नातीसारख्या भुवया वर केल्या. त्यांना पहिल्यांदा कळेना. मग कळलं. त्यांनी पंक्चर बघायच्या पाण्याच्या घमेल्यात बोट बुडवलं आणि शहाबादी फरशीवर आपलं नाव लिहिलं. ऊन होतं, पण वाळायच्या आत आईने वाचलं.