आधी रॅमच का काढली

रविवार, रात्री साडेबारा

सुटे भाग आणून घरीच जोडलेला नवा कॉम्प्युटर सुरू झाला. दुपारी साडेचारलाच झाला. तेव्हापासून मला बरं वाटायला हवं होतं, ते वाटत नाहीये. झोपही येत नाहीये, म्हणून लिहायला बसलो.

काल जेवणं झाल्यावर टेबल रिकामं केलं. बाबांनी जाड चादर आणली होती, मी नको म्हटलं आणि बोर्डाच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरला. निफाडकडचा गारठा गेले आठ दिवस नाशकातही मुक्कामाला आहे, हवा इतकी कोरडी की स्वेटर काढताना अंधारात ठिणग्या दिसतात. अशी ठिणगी मदरबोर्डाला, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात त्या मुख्य पाटीला, मारू शकते, म्हणून लोकर जवळ आणायची नसते. एवढं सांगितल्यावर बाबांनी स्वेटर काढून आत ठेवला आणि रात्रभर नुसत्या सदऱ्यावर कुडकुडत बसले. कशालाही हात लावण्याआधी अंगातली वीज उतरवायला कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला बोटं टेकवत होते. प्रत्येक वेळी. मी दोनदा विसरलो, ते एकदाही नाही.

प्रोसेसर मी बसवला. त्याआधी बाबांनी टॉर्च धरून त्याची जागा, म्हणजे सॉकेट, निरखलं. १७१८ पिना आहेत म्हटल्यावर म्हणाले, "हे थाऊचंही काम नाही रे, त्याच्याही खालचं दिसतंय." थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. सातपूरचं कारखान्यातलं काम त्यांच्या बोटांतून अजून गेलेलं नाही.

रॅम, म्हणजे मेमरीच्या पट्ट्या, मात्र मीच त्यांच्या हातात दिल्या. सोळा-सोळा जीबीच्या दोन. चार स्लॉटपैकी प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा. "शेजारी शेजारी का नाही?" मी सांगितलं, दोन पट्ट्या दोन वेगळ्या चॅनेलवर गेल्या की दोन्हींवरून एकदम डेटा येतो, आणि दोनच असतील तर या बोर्डाला हेच दोन स्लॉट लागतात. हे त्यांना पटलं. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन अजून राहिलंय, जवळचं धूसर दिसतं. म्हणून पट्टीच्या कडेची खाच त्यांनी डोळ्यांनी शोधलीच नाही. सोनेरी भागाला न शिवता अंगठ्याचं नख कडेवरून अलगद नेलं, नख अडकलं तिथे थांबले. मग स्लॉटमधला उंचवटा चाचपला, खाच त्याच्यासमोर धरली आणि दोन्ही टोकांना अंगठे ठेवून सरळ खाली दाबलं. खट्. दुसरी पट्टी. पुन्हा खट्. तो आवाज मी माझ्या कानांनी ऐकला होता.

अकरा वाजता बटण दाबलं. पंखे फिरले. मॉनिटरवर 'नो सिग्नल'.

बंद केलं, पुन्हा दाबलं. तेच. साठ हजारांच्या वर गेलेत या खोक्यात, दोन दिवाळ्यांचा बोनस आणि वर थोडी उसनवारी. नाशकातल्या कॅनडा कॉर्नरला दुकानदार म्हणाला होता, जोडून देतो, तर मी ऐटीत नको म्हणालो होतो. पोटात खड्डा पडला. वाटलं, माझ्याच वाट्याला हे का येतं, एक गोष्ट म्हणून सरळ होत नाही.  

स्विच बंद केला, वायर काढली, आणि माझा हात सरळ रॅमवर गेला.

बाबा शेजारीच उभे होते. दोन्ही पट्ट्या उपटल्या, फुंकर मारली, पुन्हा बसवल्या. मग एकच पट्टी लावून पाहिलं, मग दुसरी एकटी. बाबा टॉर्च धरून होते. प्रकाश जराही हलला नाही.

काहीही जोडलं आणि चालू झालं नाही तर आधी रॅम काढून पुन्हा लावा, हे कोणीही सांगेल. चुकीचं नाहीच ते. रॅम नीट न बसणं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे, तपासायला मिनिटभर लागतं. दुसऱ्या कोणी हा प्रश्न विचारला असता तर मीही हेच सांगितलं असतं. पण काल माझ्या डोक्यात हे काहीच नव्हतं. माझ्या डोक्यात होता तो उजवा डोळा. जे मी लावलं ते बरोबर असणार, जे त्यांनी लावलं ते पाहायला हवं. इतकं सरळ. विचार येऊन गेल्याचं कळायच्या आत हात गेलेला होता.

पुढचं सगळं घाईघाईत केलं. बटणाच्या वायरी काढून त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवून पाहिलं, बोर्डावरचा गोल सेल काढून दहा मिनिटं थांबलो, एचडीएमआयची वायर बदलली. एक वाजता बाबा म्हणाले, "झोप आता. उद्या उजेडात बघू." आणि आत गेले. रॅमबद्दल एक शब्द नाही. त्यांनी काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

सकाळी ते सोमेश्वरपर्यंत चालून आले, येताना मेथी घेऊन आले. मी दुपारपर्यंत टेबलाकडे फिरकलोच नाही. मग कॅबिनेट उचलून गॅलरीत नेलं, एक्स्टेन्शनचा पट्टा ओढून वायर लावली आणि बटण दाबलं. चोवीस पिनांच्या जाड वायरीच्या आडोशाला बोर्डाच्या कडेवर चार बारके दिवे आहेत. सीपीयू म्हणजे प्रोसेसर, डीरॅम म्हणजे रॅम, मग व्हीजीए म्हणजे ग्राफिक्स आणि शेवटी बूट. मशीन याच क्रमाने पुढे जातं, जिथे अडकतं तिथला दिवा पेटतो. लाल दिवा सीपीयूपाशी होता.

डीरॅमचा दिवा विझलेला होता. कालही विझलेलाच असणार. मशीन रात्रभर सांगत होतं की मी आणखी मागेच अडकलोय, रॅमपर्यंत पोचलोच नाही. मी वायर जरा बाजूला केली असती तर त्या पट्ट्यांना हात लावायचं कारणच नव्हतं.

प्रोसेसरला वीज देणारा आठ पिनांचा प्लग बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो. चार-चारचे दोन भाग जोडून लावायचा असतो. तो मी लावला होता. वरून बसल्यासारखा दिसत होता, पण खटका अडकलाच नव्हता. मागून वायर ओढून बांधताना आणखी तिरका झाला असणार. बोटाने दाबला. खट्. काल हा आवाज माझ्या कामातून आला नव्हता, आणि मी तो ऐकायलाही थांबलो नव्हतो.

बटण दाबल्यावरही पडदा काळाच. "थांबा बाबा, डीडीआर-५ प्रकारची रॅम आहे, पहिल्यांदा तिच्याशी जुळवून घ्यायला वेळ लागतो," मी म्हटलं. तीन मिनिटं असतील. आई कणकेचे हात घेऊन दारात आली. मग अक्षरं उमटली, प्रोसेसरचं नाव, खाली ३२ जीबी. बाबा वाकून एकेक ओळ बोट फिरवत वाचत होते. ३२ वर बोट आल्यावर माझ्याकडे वळून हसले.

तेव्हाच पोटात तुटलं. त्या पट्ट्या आता मी बसवलेल्या होत्या. त्यांनी बसवलेल्या मी काल रात्रीच उपटल्या होत्या, चांगल्या बसलेल्या असताना. त्यांचं काम पहिल्या झटक्यात बरोबर होतं, आणि ते चालताना बघायला त्यांना मिळालं नाही.

संध्याकाळी चहाला सांगून टाकलं. "बाबा, चूक माझ्या वायरीची होती. तुमची रॅम नीटच बसली होती. मी उगाच काढली."

"माहितेय," म्हणाले. "आवाज आला होता ना."

बशीत चहा ओतला. मग म्हणाले, "मशीनवरचा नवीन जॉब नीट बसला नाही की जो तो आधी दुसऱ्याचा भाग तपासतो. आमच्याकडेही तसंच होतं." थोड्या वेळाने, "मीही करायचो."

हे ऐकून जरा हलकं वाटलं, नाही असं नाही. पूर्ण नाही. उजव्या डोळ्याची तारीख उद्या फोन करून घेतो, ती मीच लांबवली होती.

ग्राफिक्स कार्ड पुढच्या महिन्यात येईल. तोवर प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर भागेल. कार्ड बाबा बसवतील, मी टॉर्च धरेन. बाजूचा पत्रा अजून लावलेला नाही. तो तसाच राहू दे म्हणाले, आतले पंखे फिरताना बघायचे आहेत त्यांना.