आजचा रविवार चर्चच्या भिंतीपाशी

सकाळची मिस्सा झाली अन् आम्ही पंधरा-वीस जण तिथंच थांबलो, चर्चचं काम सुरू आहे ना. बाक बाहेर काढले, पवित्र मरियेच्या मूर्तीला चादर गुंडाळली आणि पत्ती घेऊन भिंत खरवडायला लागलो. मूळ भिंत चुन्याची, वरून कधीतरी सिमेंट थापलेलं, त्यामुळे पावसाळ्यातली ओल आतच अडकते अन् दरवर्षी पोपडे. मिस्त्री भाऊ म्हणाले चुना ओल सोडून देतो, सिमेंट धरून ठेवतं, म्हणून आता चुन्याचाच गिलावा. वेळ लागेल पण मला हेच पटलं. नागपूर धर्मप्रांत 1887 चा, तेव्हापासून किती हातांनी आपली चर्चेस सांभाळली असतील!

खरवडता खरवडता एका जागी निळा रंग निघाला. शेजारच्या मावशी थांबल्याच, म्हणे माझं लग्न लागलं तेव्हा हाच रंग होता. बराच वेळ त्यावर हात ठेवून उभ्या होत्या. तेवढा तुकडा आम्ही तसाच ठेवलाय, फादरना विचारून ठरवू.

दुपारी कोणीतरी टोपलीभर संत्री आणली, चुन्याच्या हातानं सोलता येईना तर पोरांनी सोलून भरवली.

पुढच्या रविवारी वरच्या खिडक्या आहेत, कोणाकडे उंच शिडी असेल तर प्लीज घेऊन या.