लोगोवर चढलेलं डोकं

रॉक मॅगझिनचं कव्हर जमलंय की नाही हे मी एकाच गोष्टीवरून ठरवतो, स्टॉलवर बाकीच्या अंकांखाली अर्धं दबलेलं असताना ते ओळखू येतं का. कारण दुकानात अंक पूर्ण दिसतच नाही ना, एकावर एक सरकवून लावलेले असतात, कुठे फक्त वरची पट्टी दिसते, कुठे डावी कड. म्हणून तर मॅगझिनचं नाव वर असतं आणि बँडची नावं बऱ्याचदा डावीकडे एकाखाली एक. पणजीत काय आणि लंडनात काय, गिऱ्हाईक दोन सेकंद बघतं आणि पुढे जातं, तेवढ्यात त्याला थांबवायचं.

थांबवतात ते डोळे. फोटोतला गायक थेट आपल्याकडे बघत असेल तर हात आपोआप अंकाकडे जातो. कव्हर बघून अंक घ्यायची सवय आपल्याला काही नवीन नाही, चित्रकार दीनानाथ दलाल आपल्या मडगावचे, १९४५ पासून त्यांच्या 'दीपावली' या दिवाळी अंकाची कव्हरं लोकांनी कापून जपून ठेवलीत. फक्त रॉकवाल्यांची एक वेगळीच पंचाईत असते, बँडमध्ये माणसं चार आणि जागा एका चेहऱ्याची. मग गायक पुढे, गिटारवाला खांद्याशी आणि ड्रमर बिचारा कायम मागे, निम्म्या वेळा तर त्याच्या छातीवर हेडलाइन छापलेली. मला याचा खरंच राग येतो, अख्खा बँड ज्याच्या ठोक्यावर चालतो त्याचंच तोंड झाकायचं!

आता डोक्याची गंमत. 'रोलिंग स्टोन'चा पहिला अंक नोव्हेंबर १९६७ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा, आणि त्याचा लोगो काढला रिक ग्रिफिनने, जो तिकडच्या कॉन्सर्टची सायकेडेलिक, म्हणजे भडक रंगांची आणि वळणदार अक्षरांची पोस्टरं करायचा. म्हणजे त्या वळणदार अक्षरांत पोस्टरच्या भिंतीचा वास पहिल्यापासून होता. पुढे हा लोगो इतका ओळखीचा झाला की फोटोतल्या माणसाचं डोकं सरळ त्याच्यावर चढवायचे, मधली दोन-तीन अक्षरं गायब आणि तरी कुणी चुकत नाही. नव्या मॅगझिनला हे परवडत नाही, त्याचं नावच अजून कुणाला माहीत नसतं. त्यामुळे मी कुठलंही कव्हर बघताना आधी हे बघतो, डोकं लोगोच्या खाली आहे की वर, त्यावरून त्या मॅगझिनची बाजारातली पत कळते.

आणि 'रोलिंग स्टोन'चं २२ जानेवारी १९८१ चं कव्हर तर मी कितीही वेळ बघत बसू शकतो. ॲनी लीबोविट्झने ८ डिसेंबर १९८० ला काढलेला फोटो, बीटल्सवाला जॉन लेनन पूर्ण उघडा, पोटातल्या बाळासारखा गुडघे दुमडून बायकोला, योको ओनोला बिलगलेला, ती मात्र पूर्ण कपड्यांत आणि तिचं लक्ष दुसरीकडेच. त्याच रात्री लेननला गोळ्या घातल्या. असा अंक काढताना कुणालाही वाटलं असतं की मोठ्या अक्षरात काहीतरी छापावं, त्यांनी एकही हेडलाइन टाकली नाही, वर फक्त मॅगझिनचं नाव. लेननचे डोळे मिटलेले आहेत, म्हणजे वर मी जो डोळ्यांचा नियम सांगितला तोही इथे मोडलाय, आणि तरी नजर हलत नाही. २००५ मध्ये अमेरिकेतल्या मॅगझिन संपादकांच्या संघटनेने आधीच्या चाळीस वर्षांतलं सगळ्यात भारी कव्हर म्हणून हेच निवडलं, मला त्यात काहीच आश्चर्य वाटलं नाही.

याच्या बरोब्बर उलट 'केरँग'. जून १९८१ ला इंग्लंडमध्ये सुरू झालं, पहिल्या कव्हरवर एसी/डीसी बँडचा गिटारवाला अँगस यंग. नावच गिटारच्या दणक्याच्या आवाजावरून, वर उद्गारचिन्ह आणि लोगोच्या अक्षरांना काच फुटल्यासारखे तडे. पिवळा, लाल, काळा, चारपाच छोटे फोटो, फुकट पोस्टर आहे हे सांगणारी पट्टी, सगळं एकमेकांवर आदळलेलं. कुणी म्हणेल गिचमिड, मला नाही वाटत तसं, मेटल, म्हणजे सगळ्यात दणदणीत रॉक, ऐकणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला त्या कव्हरमधून आवाज ऐकू यायला हवा आणि तो येतो. वाईट कव्हरं मधली असतात, ज्यांना गप्पही राहता येत नाही आणि धड ओरडताही येत नाही.

आमच्यासाठी तर कव्हर हेच पहिलं ऐकणं होतं. नेटच्या आधी हणजूणच्या बुधवारच्या बाजारात कधी कधी परदेशी लोकांनी मागे टाकलेले जुने अंक मिळायचे, त्या बँडची कॅसेट मात्र पणजीत शोधून मिळायची नाही, मग फोटोतली गिटार, केस, अक्षरांचा जाडेपणा बघून आवाज कसा असेल ते आपणच ठरवायचं. आणि १९९३ ला अलाहाबादहून अमित सैगलने 'रॉक स्ट्रीट जर्नल' काढलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की रॉकच्या कव्हरवर आपल्या देशातलीही पोरं येऊ शकतात, आपल्यासारखीच दिसणारी. २०१२ मध्ये तो गेला, इथेच, गोव्याच्या समुद्रात. त्याने काय करून ठेवलंय हे आत्ताच्या बँडवाल्या पोरांना कुणीतरी सांगायला हवं.

'रॉक स्ट्रीट जर्नल'चे नव्वदच्या दशकातले अंक म्हापसा, मडगाव, वास्को कुठेही कुणाच्या माळ्यावर पडले असतील तर प्लीज रद्दीत देऊ नका, कव्हरचे फोटो काढून मला पाठवा, पुढचं-मागचं दोन्ही, आणि कडा कापू नका, डावीकडची पट्टी मला नीट बघायचीय.