कातळावर शोषखड्डा कसा मुरणार? आमच्या वाडीच्या सांडपाण्याचा अनुभव

मी ग्रामपंचायत सदस्य, गाव कळसुबाईच्या रांगेत, वस्ती चारशेच्या आसपास. जलजीवनचे नळ आले आणि सांडपाण्याची कटकट सुरू झाली. आधी हंड्याने पाणी आणायचं म्हणून जपून वापरलं जायचं, आता माणशी 55 लिटर धरले तरी दिवसाला 22 हजार लिटर घरात येणार आणि बरंचसं मोरीतून बाहेर जाणार, त्यात आमच्याकडे उतार असा की वरच्या आळीची मोरी सरळ खालच्या आळीच्या अंगणात. भांडणाला अजून काय लागतं.

पहिला पर्याय अर्थातच शोषखड्डा, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवणारा खड्डा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी मॅजिक पिट (शोषखड्ड्याचाच एक प्रकार) करून गटारं आणि डास घालवले, ट्रेनिंगला गेलं की तेच उदाहरण. काम भारीच आहे, पण त्याला खाली पाणी मुरवणारी जमीन पाहिजे ना! आमच्याकडे दीड-दोन फूट मुरूम आणि मग काळा कातळ, पहार मारली की ठिणग्या.

ऑफिसात टाइप प्लॅन (ठरलेला नमुना आराखडा) एकच, शोषखड्डा. साहेब म्हणाले, "सदस्य, दुसरं काही करायचं तर वेगळं एस्टिमेट, परत तांत्रिक मान्यता, कशाला झंझट?" म्हटलं साहेब, खड्डा काढतो, पाणी भरतो, तुम्हीच बघा. संध्याकाळी काठोकाठ भरला, काठीला खूण केली, सकाळी पाणी बोटभरसुद्धा उतरलं नव्हतं. त्याचा जिओटॅग (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो ग्रामसभेच्या ठरावाला जोडला तेव्हा कुठे फाइल हलली.

पैशाचं गणित तर अजबच. स्वच्छ भारत मिशनच्या टप्पा दोनमध्ये सांडपाण्याला 5000 पर्यंत वस्तीच्या गावाला माणशी 280 रुपये होते, त्यापेक्षा मोठ्या गावाला माणशी 660. म्हणजे आम्हाला 1 लाख 12 हजार, त्यातले 70 टक्के मिशनचे आणि 30 टक्के पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून. खडीचा डंपर घाट चढून वर यायचं भाडं ह्यात कुठे बसवायचं ते कोणी सांगत नाही. खोदाई आणि चर रोजगार हमीत घेतले म्हणून निभावलं.

केलं काय, तर आळीच्या खाली एका अण्णांच्या पडीक तुकड्यात (संमतीपत्र आधी लिहून घ्या, तोंडी नको) आधी जाळी, मग गाळाची टाकी, आणि पुढे दोन-अडीच फूट खोल पक्क्या तळाचा खडीचा वाफा, त्यात कर्दळ आणि पाणकणीस. पाणी खडीच्या आतून सरकतं, वर दिसत नाही म्हणून डास नाही. मुळांभोवतीचे जीवाणू घाण खातात. उतार असल्यामुळे पंप नाही, लाइट बिल नाही, डोंगराचा तेवढा एक फायदा. संडासाचं पाणी मात्र ह्यात अजिबात सोडायचं नाही, त्याचे खड्डे वेगळे.

खडी धुवून टाका हो! क्रशरची खडी भुकटीसकट येते, ती तशीच ओतली तर वाफा पहिल्याच वर्षी तुंबेल. आमच्या बायकांनी पाटीपाटीने धुतली, मुकादम वैतागला होता. दुसरं म्हणजे राख. अजून निम्म्या घरात भांडी चुलीच्या राखेनेच घासतात, ती सगळी टाकीच्या तळाशी बसते, म्हणून टाकी प्लॅनपेक्षा थोडी मोठी घेतली. गोठ्याचं पाणी तोडून उकिरड्याकडे वळवलं, ह्यावर दोन घरं अजून रुसलेली आहेत.

पावसाचं टेन्शन जास्त होतं. इकडचा पाऊस म्हणजे चार महिने नुसती झोड, पागोळ्यांचं पाणी वाफ्यात घुसलं की सगळं धुऊन जाणार, म्हणून वरून वेगळा चर काढला. जुलैत एकदा चर फुटला, थोडी खडी वाहिली, पण कर्दळ टिकली.

आता खालून निघणारं पाणी अण्णा गवताला सोडतात, भाजीला नको असं आम्हीच सांगितलंय. वास नाही. जाळी साफ करायची पाळी घरटी लावलीय, ती पाळली जाते असं छातीठोक नाही सांगणार, शेवटी पाणीपुरवठ्याच्या माणसालाच थोडे जास्त पैसे देऊन ते काम द्यायचं चाललंय. वरच्या वाडीचंही एस्टिमेट टाकलंय, तिकडे जागेवरून अडलंय.