हा फोटो खरा की एडिट केलेला?

नागपूरच्या फुटाळा किंवा अंबाझरी तलावाचा, नाहीतर जवळच्या रामटेकचा फोटो कुणाला दाखवला की हा प्रश्न ठरलेला. तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

हो, एडिट केलेला आहे. माझा प्रत्येक फोटो असतो. तुमच्या मोबाईलमधलाही असतोच, फक्त तिथे ते काम फोन परस्पर करून टाकतो. रंग किती गडद, कडा किती धारदार, सावली किती उजळ, हे त्याने ठरवून जेपेग, म्हणजे तयार फोटो, तुमच्या हातात दिलेला असतो. मी रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने नोंदलेला कच्चा डेटा, घेते आणि हे सगळं स्वतः ठरवते.

एक फोटो घेऊन सांगते. पेरणीच्या तोंडावरची सकाळ. मनसरहून रामटेककडे जाताना रस्त्यालगत नांगरलेलं रान, रात्रीच्या पावसाने चिंब. वर दाटलेले ढग आणि त्यांच्या फटीतून उतरणारं ऊन. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं धरून चालतं. निम्म्याहून जास्त चौकटीत आपली काळी माती असली की त्याला वाटतं, उजेड कमी पडतोय. मग ते एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घ्यायचा उजेड, वाढवतं, माती राखेसारखी होते आणि ढगांच्या कडा पांढऱ्याफटक. मी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि भिंगाचं छिद्र एफ ११ ठेवून एक्स्पोजर उणे १.३ स्टॉपवर आणलं (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे अंधार आणि उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख, उजव्या भिंतीच्या अगदी जवळ गेला, पण टेकला नाही.

या भिंतीला मी फार जपते. सेन्सरचा एकेक बिंदू उजेडाने काठोकाठ भरला की त्यापुढचं काही नोंदलंच जात नाही. ते ढग नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरमधून परत येत नाहीत. सावलीत मात्र बरंच काही शिल्लक असतं. १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या मावतात, जेपेगमध्ये २५६. म्हणून रॉमधला अंधार उजळता येतो, जेपेगमधला उजळला की पट्टे आणि डाग दिसू लागतात. पण आभाळ वाचवायचं म्हणून फोटो उगाच काळाकुट्टही करू नका, कारण उजळलेल्या सावलीत दाणे उमटतात. फुटाळ्यावर सूर्य थेट समोर असतो तेव्हा एका फोटोत दोन्ही सांभाळणं जमतच नाही. तिथे ट्रायपॉड लावून दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन फोटो घेते आणि घरी जोडते.

होळीच्या सुमारास पळस फुलतो तेव्हा आणखी एक काळजी घ्या. साधा हिस्टोग्राम सगळं ठीक दाखवतो आणि तेवढ्यात लाल रंग भिंतीला धडकलेला असतो. पाकळ्यांचा नुसता केशरी गोळा उरतो. तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम सुरू ठेवा.

मे महिन्यातल्या दुपारी काय करायचं, असंही विचारतात. काही नाही. पारा ४५ वर आणि आभाळ पांढरं असताना मी कॅमेरा बाहेर काढत नाही. डीहेज (धुरकटपणा घालवणारा स्लायडर) ओढून आभाळ निळं होतं, पण ऊन कोवळं होत नाही.

त्या रानाच्या फोटोवर घरी बसले तेव्हा पहिल्या झटक्यात शॅडोज (सावल्या उजळणारा स्लायडर) ७० पर्यंत नेले. स्क्रीनवर झकास दिसला. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडला तर माती सिमेंटसारखी. ओल्या ढेकळाची एक बाजू निळसर चमकते आणि दुसरी अगदी काळी राहते, ती काळी बाजूच मी पुसून टाकली होती. २५ वर परत आले. आभाळाला वेगळा ग्रेडियंट मास्क (बदल तेवढ्याच भागापुरता ठेवून कडेला विरवणारा) देऊन हायलाइट्स, म्हणजे उजळ भाग, थोडे खाली घेतले, व्हाइट बॅलन्स जरा थंड, म्हणजे निळसर केला. डावीकडचा खालचा कोपरा जास्तच दबला होता, तिथे ब्रशने थोडा उजेड दिला. आभाळ दुसऱ्या फोटोतून आणून चिकटवत नाही. ते मला खोटं वाटतं.

प्रिंट काढून त्या शेताच्या मालकांना नेऊन दिली. त्यांनी ती उन्हात धरली, बराच वेळ पाहिली आणि त्याच डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ताई, इथं बघा, नांगराच्या तासात पानी साचलं हाय. दरसाल इथंच साचते."