गौरी पर्वताखालचा तेरडा

उत्तराखंडातल्या पुष्पघाटीला, म्हणजे ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ला, जायचे ते जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, असे सगळेच सांगतात. आमचे तिकीट मात्र ऑगस्टअखेरचे निघाले. निळी खसखस, म्हणजे तिथले निळे ‘ब्लू पॉपी’ फूल, बहुतेक संपलेली असणार, हे ठाऊक असूनही आम्ही निघालो. हरिद्वारहून जोशीमठ आणि तिथून गोविंदघाट हा प्रवास दरडींच्या आणि गाड्यांच्या रांगांच्या आठवणींतच संपतो, त्यावर अधिक लिहीत नाही. गोविंदघाटाहून पुलनापर्यंत जीप जाते आणि पुढे घांघरियापर्यंत सुमारे दहा किलोमीटरची चढण लक्ष्मणगंगेच्या काठाने चालावी लागते.

वाटेवर हेमकुंड साहिबला निघालेल्या शीख यात्रेकरूंची गर्दी होती. कोणी खेचरावर होते, तर कोणी माणसाच्या पाठीवरच्या कंडीत, म्हणजे टोपलीत, पाय दुमडून बसलेले होते. मध्ये भ्यूंडार गाव लागते. 2013 सालच्या जूनमधल्या महापुरात या गावाची मोठी हानी झाली आणि नदीपात्रातले घराएवढे धोंडे पाहिल्यावर त्याविषयी वेगळे काही विचारावेसे वाटत नाही. आमचा वाटाड्या याच खोऱ्यातला तरुण होता. तो मला पहिल्या तासापासून ‘आंटीजी’ म्हणत होता आणि दर वेळी मला दम लागला की थांबण्यासाठी स्वतःच्या बुटाची नाडी बांधत होता. नाडी सुटलेली नव्हती, हे मला तिसऱ्या वेळी कळले.

घांघरिया सुमारे 3,050 मीटरवर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी गावाबाहेरच्या फाट्यावर हेमकुंडाची गर्दी उजवीकडे वर वळली आणि आम्ही डावीकडे वनखात्याच्या चौकीत नावे नोंदवून आत शिरलो. आत मुक्कामाला परवानगी नाही, दिवस मावळण्याआधी परतावेच लागते. पुष्पावती नदीवरचा पूल ओलांडला की भोजपत्राच्या झाडांमधून खडी चढण लागते. त्या झाडांची साल कागदाच्या पापुद्र्यांसारखी सुटत होती आणि पाऊस तिच्या कडांवरून थेंबाथेंबाने गळत होता. रस्त्यावरून घेतलेला माझा स्वस्तातला प्लास्टिकचा रेनकोट पहिल्याच वळणावर काखेत फाटला, त्यामुळे उरलेला दिवस मी अर्धी भिजूनच काढला.

छायाचित्रांतून फुलांचा गालिचा पाहिलेल्या माणसाला पहिला धक्का बसतो तो इथे. गालिचा पायाखाली असतो, ही फुले मात्र खांद्यापर्यंत आणि काही ठिकाणी डोक्यावरून गेलेली होती. त्यातली बहुतेक गुलाबी फुले ओळखीची निघाली, तो चक्क तेरडा होता. आमच्या कोकणातल्या घरी भाद्रपदात तेरड्याचीच गौर येते. वाडीतल्या बांधावरून तो मुळासकट उपटून, धुऊन आणायचे काम लहानपणी माझ्याकडे असे. हिमालयातला तेरडा जातीने वेगळा आणि उंचीने दांडगा, पण पाकळ्यांची ती खोलगट पिशवी आणि मागचे वाकडे शेपूट तेच होते. एका फुलात केसाळ भुंगा पूर्ण आत शिरला, तेव्हा फूल त्याच्या वजनाने झुकले आणि आतून काही वेळ नुसती गुरगुर ऐकू येत राहिली. ढग क्षणभर बाजूला झाले तेव्हा वाटाड्याने खोऱ्याच्या टोकाकडे हात करून पर्वताचे नाव सांगितले, गौरी पर्वत. मी काही बोलले नाही, नुसते हात जोडले.

ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ आणि त्याचे साथीदार 1931 साली कामेट शिखर सर करून परतताना भ्यूंडार खिंड ओलांडून या खोऱ्यात उतरले. 1937 साली स्माइथ मुद्दाम पुन्हा आला आणि त्याच्या लिखाणामुळे हे खोरे जगाला माहीत झाले. त्याच्याही आधीपासून इथले मेंढपाळ उन्हाळ्यात कळप घेऊन येत होते. 1982 साली राष्ट्रीय उद्यान झाल्यावर चराई बंद झाली. त्यानंतर अमेला नावाची पांढऱ्या तुऱ्यांची उंच वनस्पती पसरत गेली आणि आता वनखात्याला ती उपटावी लागते. चराई बंद केल्यानेच ती माजली, असे काही जण मानतात, तर काही जणांना ते पटत नाही. वाटाड्या मात्र ठामपणे म्हणाला की, आजोबांच्या मेंढ्या हे काम फुकट करीत होत्या. मेंढी काय खाईल आणि काय सोडेल याचा करार करता येत नसला, तरी त्याचे बोलणे मला अगदीच टाकाऊ वाटले नाही.

खोऱ्यात जोन मार्गारेट लेग या बाईंची समाधी आहे. फुलझाडे गोळा करताना पाय घसरून 4 जुलै 1939 रोजी त्या इथे गेल्या, तेव्हा त्या 54 वर्षांच्या होत्या. समाधीभोवती कोणी लावलेली नसूनही फुले होती. त्याच्या थोडे पुढे, एका ओल्या कातळाच्या खाचेत निळ्या खसखशीचे एकच फूल उरले होते. देठावर काटे आणि पाकळ्या पावसाने चिकटून अर्ध्या पारदर्शक झालेल्या.

परतताना चौकीजवळ वाटाड्याने मला थांबवले आणि बाही झटकायला सांगितली. तेरड्याच्या पिकलेल्या शेंगा अंग लागताच फुटल्या होत्या आणि बिया ओल्या कापडाला चिकटून बसल्या होत्या. इथले काही बाहेर न्यायचे नसते, असे तो म्हणाला. मी एकेक बी निपटून काढले आणि त्यानंतरच पहारेकऱ्याने वहीतल्या आमच्या नावांपुढे खूण केली.